हवा बरोबर होती

गाडीचा एसी का चालत नाही, हे मी फोनवरसुद्धा सांगतो. पंखा फक्त चार नंबरवर फिरतो आणि एक-दोन-तीनवर गप्प बसतो? मग रेझिस्टर जळालाय, मोटर चांगली आहे, उगाच बदलू नका. कुठल्याच नंबरवर फिरत नाही? आधी फ्यूज बघा, मग मला बोलवा. हवेला उंदराचा वास येतो? तर उंदीरच आहे, दुसरं काही नाही. लातूरपासून किनवटपर्यंतचे ड्रायव्हर मला असे फोन करतात आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून सांगत बसतो. बायको म्हणते, तुमच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही.

राहतं. एक गोष्ट चार वर्षं राहिली आहे. तिला माहीत नाही, माझ्या भावाला नाही, दुकानातल्या कुणाला नाही. तुम्हाला का सांगतोय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? असेल तसंच. ओळखीच्या माणसासमोर बोलायला जो दम लागतो तो माझ्यात नाही, हे पुढे तुमच्या लक्षात येईलच.

माझं नाव संगमेश. गाव उदगीर. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि मी त्यात बसावं अशी त्यांची इच्छा होती. मला डाळ-तांदळात गोडी नव्हती. आयटीआय केलं, नांदेडला आलो आणि लातूर फाट्याजवळ गफूरचाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकायला राहिलो. गफूरचाचा म्हणजे गाडीच्या एसीतले उस्ताद. गावात एसीवाल्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या होत्या तेव्हा ते फ्रिज दुरुस्त करायचे. गाड्या वाढल्या तसे गाड्यांकडे वळले. मला ते संगू म्हणायचे. अजूनही म्हणतात — तेच तर सलतं.

चाचांकडे वीज तपासायचा मीटर होता. पेटीत, फडक्यात गुंडाळलेला. ते तो फार कमी काढायचे. त्यांचं सगळं काम हातावर चालायचं. एकदा डिसेंबरात इस्लापूरहून एक जीपवाला आला. पहाटे धुक्यात समोरची काच पुसून पुसून बेजार झाला होता, हीटर लावला तरी थंडच हवा येते म्हणायचा. त्याआधी दोघांनी त्याला पंख्याची मोटर बदलायला सांगितली होती. चाचांनी इंजिन गरम होऊ दिलं, बॉनेट उघडलं आणि आत जाणारे दोन रबरी पाइप दोन मुठींत धरले. मग मला म्हणाले, धर. एक पाइप चहाच्या ग्लासासारखा, दुसरा नळाच्या पाण्यासारखा. म्हणजे गरम पाणी आत जातंय, पण पलीकडून बाहेर येत नाही — हीटरची आतली जाळी गाळानं तुंबली आहे. मोटरचा काही दोष नाही. मी आयटीआयत दोन वर्षांत जे शिकलो नाही ते त्या दोन मुठींत शिकलो.

आणि त्यांचा एक रिवाज होता. दुकानातल्या कुठल्याही माणसानं काम केलेलं असो, गाडी बाहेर जाण्याआधी चाचा स्वतः पुढच्या सीटवर बसायचे. सकाळी मी एक निळी बादली भरून ठेवायचो, हे माझं पहिल्या दिवसापासूनचं काम. त्या बादलीत ते उजवा हात मनगटापर्यंत बुडवायचे, एकदा झटकायचे आणि ओल्या हाताची मागची बाजू एसीच्या मधल्या जाळीसमोर धरायचे. डोळे मिटून. एक नंबर, दोन नंबर, तीन, चार. मग हात काढून म्हणायचे, "न्या." ते "न्या" ऐकल्याशिवाय माणसं चावी घ्यायची नाहीत. कंधारचे, देगलूरचे, अगदी लातूरचे लोकही विचारायचे — चाचांनी हात लावला का? ओल्या हाताला वारा जास्त कळतो, एवढंच त्यातलं शास्त्र. पण मी तोच हात तसाच ओला करून धरला तर मला नुसतं गार लागायचं. त्यांना त्यातून कळायचं की हवा किती येते, कुठून येते आणि येता येता कुठे अडते.

त्यांची टोपीची गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस कसा ते कळेल. मी यायच्या आधीची आहे. एका डॉक्टरच्या गाडीत पंख्याचं काम केलं, आणि आठवडाभर डॉक्टर रोज येऊन म्हणे, पंखा फडफड आवाज करतो. चाचांनी पुन्हा सगळं खोललं तर आत त्यांचीच पांढरी टोपी गुंडाळलेली. आठ दिवस घरात टोपी शोधून बायकोशी भांडले होते. दुसरा कुणी असता तर टोपी खिशात घालून म्हणाला असता, कचरा होता साहेब. चाचांनी ती टोपी डॉक्टरसमोर झटकून डोक्यावर घातली. आणि पुढची वीस वर्षं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट स्वतः सांगितली, स्वतःच हसले.

अशा माणसासमोर चूक कबूल करायला भीती कसली होती मला? हाच प्रश्न मी चार वर्षं चघळतोय.

तो दिवस मे महिन्यातला. लातूरचे एक आडत व्यापारी, मन्मथअप्पा, आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची मुलगी नांदेडला दिलेली. बाळंतपण अवघड होतं म्हणून इथल्याच दवाखान्यात झालं होतं, आणि आता अप्पा तिला अठरा दिवसांच्या बाळासह माहेरी न्यायला आले होते. येतानाच गाडीचा पंखा बंद पडला. एसी चालू, गॅस आहे, पण हवा पुढे ढकलणारा पंखाच फिरत नाही. अप्पा बाकड्यावर बसलेले, मुलगी आत पंख्याखाली खाटेवर, बाळ तिच्या मांडीवर. दहा वाजताच शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. ऊन चढायच्या आत निघायचं होतं त्यांना, आणि ऊन तर चढलंच होतं.

चाचा म्हणाले, संगू, तू घे. मी तोवर पंधरा वर्षांचा जुना माणूस झालो होतो, निम्मं दुकान माझ्यावरच चालायचं. आणि खरं सांगू? मनात एक काटा होता. काम मी करायचो, डॅशबोर्डखाली मान मोडून मी झोपायचो, आणि शेवटी लोक विचारायचे — चाचांनी हात लावला का? माझं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं.

मोटर गेली होती. नवी मोटर होती, पण दुसऱ्या बनावटीची. तिचा प्लग गाडीच्या प्लगला बसेना. गाडीचा जुना प्लग उष्णतेनं वितळलेला. अशा वेळी प्लग कापून दोन वायरी दोन वायरींना जोडायच्या, हे रोजचंच. गाडीकडच्या दोन्ही वायरी जळून काळ्या पडल्या होत्या, कुठली कुठली ते रंगावरून कळत नव्हतं. यासाठी चाचांचा नियम होता: जोडायच्या आधी मोटर बाहेर धरायची, वायरी टेकवायच्या, आणि पंख्याजवळ कागदाची पट्टी धरून तो कुठल्या बाजूला फिरतो ते बघायचं. कारण वायरींची अदलाबदल झाली तरी हा पंखा फिरतो. उलटा फिरतो. आणि गंमत अशी की उलटा फिरला तरी हवा जाळीतूनच येते — फक्त निम्मी येते. आवाज तोच, गारवाही तोच. नवख्याला कळतच नाही.

मी पट्टी धरली नाही. बाळ किरकिर करत होतं, अप्पा तिसऱ्यांदा घड्याळ बघून उठले होते, आणि मला वाटलं, असेल हीच. जोडल्या, टेप गुंडाळली, मोटर वर चढवली, स्क्रू आवळले. चालू केलं. पंखा फिरला, गार हवा आली. अप्पांच्या तोंडावर हसू आलं.

एवढी चूक कुणाचीही होते. इथवर मी तुम्हाला डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकतो.

चाचा आले. बादलीत हात बुडवला, झटकला, सीटवर बसले, डोळे मिटले. एक नंबर. दोन. तीन. चार. हात तिथंच राहिला. पुन्हा एकवर आणलं, पुन्हा चारवर नेलं. एवढा वेळ त्यांना कधी लागायचा नाही. मग डोळे न उघडताच म्हणाले, "संगू, हवा फिरून राहिली, येऊन न्हाई राहिली. पंखा बघ एकदा."

मला त्याच क्षणी कळलं. कागदाची पट्टी आठवली. आता पुन्हा सगळं खोलायचं, अप्पांना अजून तासभर बसवायचं, आणि सगळ्यांसमोर हे की संगूनं पंधरा वर्षांनंतर पंखा उलटा लावला. तोंडातून काय निघायला हवं होतं ते मला माहीत होतं. एक वाक्य होतं. "चाचा, पट्टी लावायची राहिली." बस.

मी काय म्हणालो ते सांगायलाच तर बसलोय. त्याच्या दोन महिने आधी चाचांना शुगर निघाली होती. पायाला मुंग्या यायच्या. एकदा चपलेतून पाय निसटला आणि दहा पावलं तसेच चालत गेले, कळलंच नाही. पायाचं होतं ते. हाताचं कधी काही बोलले नव्हते. आणि मी — पंधरा वर्षं त्यांच्या घरची भाकरी खाल्लेला मी — सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणालो, "चाचा, हवा फुल्ल हाय. शुगर आता हाताला लागली तुमच्या."

अप्पा हसले. ड्रायव्हर हसला. वाईट भावनेनं नाही, म्हाताऱ्या माणसाची थट्टा होते तशी. मीही हसलो.

चाचांनी डोळे उघडले. हात जाळीसमोरून काढला आणि त्याच्याकडे बघितलं — उलटा करून, सुलटा करून. मग पँटला पुसला. "असंल बाबा," म्हणाले. गाडीतून उतरले आणि चावी माझ्या हातात दिली. "न्या" म्हणाले नाहीत. मी म्हणालो. लोकांनी माझ्या तोंडून पहिल्यांदा ते ऐकलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी तेव्हाही गाडी थांबवू शकत होतो. फाटकापर्यंत जायला तिला मिनिटभर लागलं असेल.

तासाभरानं अप्पांचा फोन आला. लोह्याच्या अलीकडे हवा पार बंद झाली होती. ते होणारच होतं. एसीच्या आतल्या गार कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की त्यावर बर्फ धरतो, आणि बर्फ धरला की उरलेली हवाही अडते. मला सगळं पाठ होतं. चाचांना म्हणालो, बघून येतो, आणि मोटरसायकल काढली. चाचा म्हणाले, मी बी येऊ का? नको म्हणालो. ऊन आहे म्हणालो.

रस्त्याच्या कडेला एका चहाच्या हॉटेलासमोर लिंबाखाली ते सगळे बसले होते. मुलीनं ओलं फडकं बाळाच्या अंगावर टाकलं होतं आणि पदरानं वारा घालत होती. बाळ लालबुंद होतं आणि रडत नव्हतं. रडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी डॅशबोर्डखाली शिरलो, टेप सोडली, दोन वायरींची अदलाबदल केली. पाच मिनिटांचं काम. बर्फ वितळून खाली पाणी गळत होतं आणि माझ्या मानेवर पडत होतं. चालू केलं तर अशी हवा आली की समोर ठेवलेला देवाचा फोटो हलला.

बाळाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आता चार वर्षांचा आहे तो, अप्पा फोटो पाठवतात. पण बाळाला काही झालं नाही हे माझं पुण्य नाही.

अप्पांनी विचारलं, काय होतं हो? मी म्हणालो, आत बर्फ धरला होता. खोटं नव्हतं ते. मग अप्पाच म्हणाले, "म्हंजी चाचाचा हात चुकला म्हणायचा." त्यांना वाटलं, हवा तपासतात ते चाचा, मग चुकले तेही चाचाच. मी डोक्याला फडकं बांधत होतो. बांधता बांधता म्हणालो, वय झालंय आता. तीन शब्द. त्यातला एकही खोटा नाही. असं बोलायला मी कुठं शिकलो, कुणास ठाऊक. चाचांकडे तर नक्कीच नाही.

परत आलो तेव्हा चाचा दाराशीच उलट्या खोक्यावर बसले होते. समोर चहा गार होऊन साय धरलेला. मला वाटलं होतं ते काही विचारणार नाहीत. त्यांनी विचारलं, काय निघालं? आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढे म्हणाले — हळू, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघून — "हवा कमी व्हती का?"

ही जागा मी रोज आठवतो. दुकानात कुणी नव्हतं. अप्पा लातूरच्या रस्त्याला लागले होते. कुणी हसणारं नव्हतं, कुणाची घाई नव्हती. गिऱ्हाइकासमोर लाज वाटली असं सकाळी म्हणता आलं असतं. आता कुणाची लाज होती? आणि ते मला पकडायला विचारत नव्हते. त्यांना माझी चूक नको होती. त्यांना फक्त आपला हात परत हवा होता. मी "व्हती" म्हणालो असतो तर ते हसले असते, टोपीची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली असती, आणि उलट्या पंख्याची गोष्ट माझ्या नावावर जमा झाली असती. एवढंच. एवढंच झालं असतं.

"न्हाई चाचा," मी म्हणालो, "हवा बरोबर व्हती. गॅसच्या पाइपाला गळती व्हती."

त्यांनी मान हलवली. चहा उचलला, तसाच गार पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी बादली भरली. अकराच्या सुमाराला एक गाडी तयार झाली. गिऱ्हाईक चाचांकडे बघत उभं. चाचा खोक्यावरून उठले नाहीत. म्हणाले, आता संगूचा हात चालतो. मी बादलीत हात बुडवला. जाळीसमोर धरला. डोळे मिटायचं धाडस झालं नाही. "न्या" म्हणालो.

मग ते दोन-तीन महिने येऊन नुसते बसायचे. पान्हे पुसायचे, उगाच फडकी धुवायचे. मग एक दिवसाआड. मग येणं थांबलं. शेड माझ्या हवाली केली, पाटीवरचं नाव बदल म्हणाले. ते मी बदललेलं नाही. लोकांना वाटतं, केवढी ही गुरुभक्ती.

आणि काय सांगू — मला हात आला. खोटं बोलून मिळवलेल्या त्या सीटवर बसून बसून मला खरंच कळायला लागलं. आता कंधारचे लोक विचारतात, संगूनं हात लावला का? जे हवं होतं ते मिळालं. मिळाल्याचा आनंद झाला नाही असंही नाही. पहिल्यांदा कुणीतरी तसं विचारलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेही सांगूनच टाकतो.

ईदला मी त्यांच्या घरी जातो. मागच्या वर्षी गेलो तेव्हा त्यांच्या नातीला कणकण होती. चाचांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला, आणि सुनेला हाक मारून म्हणाले, बघ गं, गरम हाय का? सून म्हणाली, तुम्ही हात ठेवलाय की अब्बा. ते म्हणाले, माझ्या हाताचं न्हाई सांगता येत. पोरीच्या अंगात ताप होता; शीरखुर्म्याची वाटी मी तशीच खाली ठेवली.

त्याच आठवड्यात मी त्यांना शुगरच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. का? मला वाटलं, जे माझ्या तोंडून निघत नाही ते डॉक्टरच्या तोंडून निघेल. बघा, तिथंही मी दुसऱ्यालाच पुढे केलं. डॉक्टरनं त्यांना डोळे मिटायला लावले आणि प्लास्टिकचा एक बारीक दोरा ठिकठिकाणी टेकवला. लागलं की हो म्हणा. पायाला तीन-चार ठिकाणी चाचा गप्प राहिले. मग हात. अंगठा — हो. बोटं — हो, हो, हो. तळवा, मागची बाजू, मनगट. एकदा डॉक्टरनं दोरा नुसता जवळ नेला, टेकवलाच नाही, तर म्हणाले, आला, पण लागला न्हाई. डॉक्टर हसला. म्हणाला, चाचा, पाय जपा, पण हात तुमचे जवान माणसासारखे आहेत. यांना काहीही झालेलं नाही.

चाचांनी डोळे उघडले आणि समजूत घालावी तसं डॉक्टरला म्हणाले, "न्हाई साहेब, हात गेला. तीन वर्षं झाली. ह्यानं सांगितलं हाय मला." आणि माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकलो आणि चाचांच्या चपला त्यांच्या पायाशी सरळ करून ठेवल्या. बाहेर आल्यावर त्यांना ज्यूस पाजला, बिनसाखरेचा. रस्ताभर गाडीत आम्ही नांदेडच्या उन्हाबद्दल बोललो.

आता शेवटचं. या उन्हाळ्यात त्यांच्या मुलानं जुनी गाडी घेतली. पंधरा दिवसांपूर्वी तो चाचांना घेऊन शेडवर आला — एसी नीट नाही वाटत, बघून घ्या. चाचा पुढच्या सीटवर होते. किती दिवसांनी मी त्यांना त्या सीटवर बघत होतो. मुलानं पंखा चालू केला, आणि चाचांचा उजवा हात आपोआप उठला, जाळीच्या दिशेनं गेला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्यांनी तो परत मांडीवर ठेवला. म्हणाले, संगू, तू बघ.

बादली तिथंच असते. मी हात ओला केला, खिडकीतून आत वाकलो, त्यांच्या छातीसमोरून हात नेऊन जाळीसमोर धरला. एक, दोन, तीन, चार. ते माझ्या हाताकडे बघत होते. कशी हाय, त्यांनी विचारलं. कमी हाय, मी म्हणालो.

"मला बी तसंच वाटलं," चाचा म्हणाले. "पण म्हटलं, आपल्या हाताचं काय."

त्यांचा हात जाळीपर्यंत पोचलाही नव्हता. वीतभर लांबूनच त्यांना कळलं होतं.

समोरचा कप्पा काढून मी हवेची गाळणी बाहेर ओढली. लिंबाच्या वाळक्या पानांनी गच्च भरली होती. झटकली, हवा मारून साफ केली, परत बसवली. पंखा चारवर केला. हवा भरून आली, त्यांच्या दाढीचे केस हलले. तोंडावर वारा लागत असताना त्यांनी मला विचारलं, आता?

मुलगा मागं उभा होता. ज्याच्या गाडीचं काम झालं होतं असं एक गिऱ्हाईक होतं. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, चार वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं. मी ते गिळलं.

"आता बरोबर हाय चाचा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान हलवली आणि काच वर केली. या वेळी मी खरं बोललो होतो. विश्वास त्यांनी दोन्ही वेळा सारखाच ठेवला.